मागच्या स्प्रिंगमध्ये हवेच्या पिशव्या बसवल्या तर गाडी जास्त वजन घेईल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. २०१६ ची सात आसनी स्कॉर्पिओ, मागे कॉइल स्प्रिंग. पुण्याहून देवगडजवळच्या गावी जाणे-येणे. जाताना सात माणसे आणि बॅगा. येताना तीच सात माणसे, वर आंब्याच्या पेट्या, तांदळाचे पोते, नारळ आणि टपावरच्या कॅरियरवर उरलेले सगळे. गाडीची मागची बाजू बसते, खड्ड्यात खालून धाडकन आवाज येतो आणि रात्री समोरचे गाडीवाले डिपर मारत राहतात. एका दुकानदाराने कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्यांचे किट सुचवले आणि सांगितले की आता ५०० किलो जास्त टाका, गाडी हलणार नाही. किट घ्यावे का आणि हवा किती ठेवावी, असे तुम्ही विचारले आहे.

किट वाईट नाही. मी स्वतः सस्पेन्शनचेच काम करतो आणि अशा पिशव्या बसवूनही देतो. पण दुकानदाराचे ते ५०० किलोचे वाक्य चुकीचे आहे. या पिशव्या गाडीची बॉडी वर उचलतात. गाडीची वजन वाहण्याची मर्यादा त्यांनी एक किलोनेही वाढत नाही. अशा पिशव्या बनवणाऱ्या नावाजलेल्या परदेशी कंपन्यांच्या पुस्तिकेतही हेच छापलेले असते, फक्त ते पान दुकानात कुणी उघडत नाही.

५०० चा आकडा येतो कुठून, तेही सांगतो. कॉइलमध्ये बसणाऱ्या साध्या जोडीची क्षमता बहुधा १,००० पौंड, म्हणजे साधारण ४५० किलो अशी दिलेली असते. याचा अर्थ इतकाच, की ४५० किलोपर्यंतच्या वजनाने बसलेली मागची बाजू ही जोडी परत वर आणू शकते. ती पिशवीची ताकद झाली. तुमच्या एक्सलची, बेअरिंगची, टायरची आणि ब्रेकची ताकद त्या आकड्यात कुठेच नाही.

आता हे वजन जाते कसे ते पाहू. डिकीत २०० किलो ठेवले की ते फ्लोअरवर येते, फ्लोअरवरून चासीवर, चासीवरून स्प्रिंगवर, स्प्रिंगवरून एक्सलच्या नळीवर, तिथून बेअरिंगवर, रिमवर, टायरवर आणि शेवटी रस्त्यावर. पिशवी या साखळीतल्या एकाच कडीला, स्प्रिंगला, मदत करते. समजा एका बाजूच्या स्प्रिंगला १ मिलिमीटर दबायला साडेतीन किलो लागतात आणि तुमच्या सामानाने ती ६० मिलिमीटर दबली. म्हणजे त्या बाजूला २१० किलो वाढले. आता पिशवीत हवा भरून गाडी ४० मिलिमीटर वर घेतली, तर साधारण १४० किलो पिशवीने घेतले आणि ७० स्प्रिंगकडे उरले. स्प्रिंग सुखी झाली. पण टायरवर आधीही २१० च जास्त होते आणि आताही २१० च आहेत. (स्प्रिंगचा आकडा हिशोब कळावा म्हणून धरला आहे, तुमच्या गाडीचा म्हणून घेऊ नका.)

माझा सगळ्यात मोठा आक्षेप यापुढचा आहे. गाडी मागे बसते तेव्हा ती तुम्हाला काहीतरी सांगत असते. पिशवीत हवा भरली की ते सांगणे बंद होते. गाडी समतल दिसते, बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का अडवणारा रबराचा ठोकळा) लागत नाही, चालवायलाही बरे वाटते, आणि माणूस आणखी दोन पेट्या चढवतो. माझ्याकडे पिशव्या बसवून गेलेल्या गाड्या काही महिन्यांनी परत येतात तेव्हा तक्रार सस्पेन्शनची नसते. मागचे टायर खांद्याला झिजलेले असतात, हबच्या बेअरिंगचा आवाज येत असतो, कधी मागच्या लिंकचे बुश फाटलेले असतात. वजन कुठेतरी बोलतेच.

म्हणून पहिला प्रश्न किटचा नाही. तुमची गाडी मर्यादेच्या आत राहूनही बसते आहे, की मर्यादा ओलांडल्यामुळे बसते आहे? या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत, आणि तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून मला ते सांगता येणार नाही. कुणालाही येणार नाही. त्यासाठी वजनकाट्यावर जावे लागेल.

त्याआधी गाडीवरची पट्टी वाचा. कंपनीची धातूची पट्टी किंवा स्टिकर दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असते. त्यावर गाडीचे एकूण कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, असते आणि बऱ्याच गाड्यांवर पुढच्या व मागच्या एक्सलची मर्यादा वेगळी दिलेली असते. तुम्हाला मागच्या एक्सलचा आकडा सर्वात महत्त्वाचा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा एक्सल मर्यादेबाहेर, असे सात आसनी गाड्यांत फार सहज होते. आरसी बुकावरचे वजनाचे आकडेही पाहून ठेवा, कायदा तेच धरतो.

मग प्रवासाला निघताना असते तशीच गाडी भरा. टाकी फुल. तुमची टाकी ६० लिटरची, म्हणजे डिझेलचेच सुमारे ५० किलो होतात. सगळी माणसे आपापल्या जागेवर बसलेली. मार्केट यार्ड, साखर कारखाना, खडीची खाण, हायवेवरचा कुठलाही काटा चालेल. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या. मग फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन सपाट असली पाहिजे, नाहीतर एक्सलचे आकडे खोटे येतात. पुढचे आणि मागचे मिळून एकूण वजनाच्या जवळ आले की समजा मोजमाप ठीक झाले. मोठे काटे १० किंवा २० किलोच्या टप्प्याने दाखवतात, त्यामुळे मर्यादेपासून १५ किलो आत आलो म्हणून खूश होऊ नका. लोक या कामाला लाजतात, ट्रकवाले हसतील म्हणून. हसू द्या, काटेवाला पावती देतो.

काट्यावर जाईपर्यंत कागदावर अंदाज करायचा असेल तर असा करा. समजा पट्टीवर २,५०० आहे आणि टाकी फुल असलेली रिकामी गाडी १,८५० ची आहे. (आकडे पुन्हा उदाहरणाचे, तुमच्या पट्टीवरचे घाला.) हातात उरले ६५०. सात माणसे सरासरी ६५ किलोने ४५५. उरले १९५. लोखंडी कॅरियर २५ किलो, नंतर बसवलेला वूफर, जाड सीट कव्हर, मॅट, टूलबॉक्स मिळून २० धरा. उरले १५०. कपड्यांच्या बॅगा ३० किलोच्या. उरले १२०. आता आंब्याच्या दहा पेट्या, पेटी १८ किलोची धरली तर १८०, आणि तांदळाचे ५० किलोचे पोते. ११० किलो वर गेलो, नारळ अजून मोजलेलेच नाहीत. या सगळ्यात कुठलीही गोष्ट जड वाटत नाही, हीच गंमत आहे. सात आसनी गाडीत सात आसने भरली की डिकीला फार थोडे उरते, हे गाडी विकताना कुणी सांगत नाही.

शिवाय सामान कुठे ठेवले यावरही बरेच ठरते. तुमच्या गाडीच्या दोन एक्सलमधले अंतर २,६८० मिलिमीटर आहे. मागच्या एक्सलच्या मागे ९०० मिलिमीटरवर, म्हणजे डिकीच्या दाराला लागून, १०० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर १०० येत नाहीत. सुमारे १३४ येतात. वरचे ३४ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. दुसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाचे वजन दोन्ही एक्सलमध्ये वाटले जाते, तिसऱ्या रांगेतल्याचे जवळजवळ सगळे मागे जाते आणि डिकीतले त्याहूनही जास्त मागे जाते. तुमच्या परतीच्या प्रवासात तीनही गोष्टी एकाच वेळी होतात.

पुढची चाके हलकी होणे हा मुद्दा कोकणातून वर येताना जास्त जाणवतो. फोंडा घाट घ्या किंवा गगनबावड्याकडून या, भरलेली गाडी चढावर असते, आणि चढावर वजन आणखी मागे सरकते. वळणावर स्टिअरिंग एकदम हलके लागते, गाडी नाकाने बाहेर सरकते. पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे आंब्याच्या शेवटच्या फेरीत, ओला रस्ता मिळाला तर हे चांगलेच कळते. आणि पिशव्यांनी मागची बाजू वर केली तरी पुढच्या चाकांवरचे कमी झालेले वजन परत येत नाही, कारण ते सामान ठेवलेल्या जागेमुळे कमी झाले आहे, गाडीच्या तिरकेपणामुळे नव्हे. तिरकेपणाचा वाटा त्यात नगण्य असतो. पेट्या दाराजवळून उचलून सीटच्या पाठीला टेकवल्या तर मात्र फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

टायरबद्दल. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा आणि अक्षर असते. तुमच्याकडे २३५/६५ आर १७ असेल तर त्यापुढे बहुधा १०४ असेल. १०४ म्हणजे त्या टायरला जास्तीत जास्त ९०० किलो. दोन मागचे मिळून १,८०० झाले, म्हणजे भरपूर, असे वाटेल. पण ते ९०० किलो पुरेशी हवा असतानाचे आहेत. साध्या प्रकारच्या टायरमध्ये त्यासाठी सुमारे ३६ पीएसआय लागते. हवा कमी असेल तर क्षमताही उतरते. पंपावर सवयीने चारही चाकांत ३० मारून निघालेली भरलेली गाडी मला दर मे महिन्यात दिसते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण वजनासाठी मागच्या चाकांची हवा वेगळी दिलेली असते. ती भरा, सकाळी टायर थंड असताना. आणि टायर बदलताना कुणी स्वस्तात कमी इंडेक्सचा, म्हणजे १०४ च्या जागी लहान आकड्याचा, टायर लावून दिला नाही ना, तेही बघा. असे होते.

ब्रेकबद्दल लोक एकतर घाबरवतात किंवा दुर्लक्ष करतात. २,६०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १२.७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत ३८ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत येईल. यातला मोठा वाटा तुम्ही खालच्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन घेते, नाहीतर सगळा डिस्क आणि ड्रमकडे जातो. २०० किलो जास्त म्हणजे साधारण ८ टक्के जास्त उष्णता. एवढ्याने चांगले ब्रेक निकामी होत नाहीत, हे मान्य. पण ब्रेक ऑइल जुने असेल तर गोष्ट वेगळी. डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ वर येतो. तुमच्या गाडीचे ऑइल शेवटचे कधी बदलले आठवते का? आठवत नसेल तर पिशव्यांच्या आधी ते बदला.

ब्रेकशी जोडलेली आणखी एक बाब आहे, आणि ती किट विकणारे जवळपास कुणीच सांगत नाहीत. तुमच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे की नाही, तुम्ही लिहिले नाही. आपल्याकडे सर्व नव्या कारना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले; त्याआधीच्या गाड्यांत व्हेरिएंटप्रमाणे फरक आहे. एबीएस नसलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. चासी आणि एक्सल यांच्यामधल्या अंतरावरून तो गाडी रिकामी आहे की भरलेली हे ओळखतो. गाडी बसली की मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, वर असली की कमी. आता पिशव्यांनी भरलेली गाडी वर उचलली, की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी. मागे ३०० किलो असताना मागचे ब्रेक रिकाम्या गाडीसारखे काम करतात आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. एबीएस आणि ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मागच्या ब्रेकचे प्रमाण चाकांच्या वेगावरून ठरते, तिथे ही अडचण येत नाही. म्हणून किट घेण्याआधी गाडीखाली वाकून मागच्या एक्सलपासून चासीकडे जाणारी बारीक दांडी किंवा स्प्रिंग दिसते का ते पाहा, किंवा ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. दिसली तर पिशव्या लावूच नका असे नाही, पण व्हॉल्व्हची दांडी पुन्हा सेट करणारा जाणकार माणूस हवा आणि गाडी पूर्ण वर न उचलता थोडी बसलेलीच ठेवावी लागेल.

"पण मोठ्या गाड्यांना कंपनीच एअर सस्पेन्शन देते ना?" हा प्रश्न पुढे येणारच. देते. मागची बाजू आपोआप समतल ठेवण्याची कल्पनाही जुनी आहे. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५४ मध्ये हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि दाबलेल्या वायूवर चालणारे, सस्पेन्शन पहिल्यांदा बाजारात आणले ते फक्त मागच्या चाकांसाठी, आणि १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरलाही मागे सेल्फ-लेव्हलिंग स्ट्रट होता. हेतू असा, की स्प्रिंग मऊ ठेवता यावी आणि तरी वजनाने गाडी बसू नये. शिवनेरीच्या व्होल्वो बसलाही हवेचेच सस्पेन्शन असते, पण म्हणून तिच्यात ठरलेल्यापेक्षा जास्त माणसे घेता येतात असे कुणी म्हणत नाही. कंपनीने हवा दिली तरी मर्यादा एक्सल, टायर, ब्रेक, चासी सगळे एकत्र तपासून ठरते आणि पट्टीवर छापली जाते. ऑस्ट्रेलियात गाडीचे कमाल वजन अधिकृतपणे वाढवून घेण्याची सोय आहे. तिथे तपासलेल्या स्प्रिंग, शॉक आणि गरजेप्रमाणे इतर भागांचा संच बसवतात, प्रमाणपत्र होते आणि गाडीवर नवी पट्टी लागते. त्याच देशात पाट्यांच्या (कॉइलऐवजी लीफ स्प्रिंग असलेल्या) डबल-कॅब पिकअपना मागे पिशव्या लावून, टोकाला वजन लादून चासी वाकल्याची उदाहरणे गाजलेली आहेत, कारण पाट्यांच्या दोन टोकांवर वाटलेला भार पिशवी चासीच्या एकाच बिंदूवर देते. तुमच्याकडे कॉइल आहे, पिशवी कॉइलच्याच बैठकीवर दाब देते, त्यामुळे तो धोका तुम्हाला तेवढा नाही. तुमच्या भावाकडे बोलेरो आहे असे लिहिले आहे, त्याने मात्र हे लक्षात ठेवावे. तिला मागे पाटे आहेत.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजनाने गाडी चालवता येत नाही, आणि कलम १९४ चा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये अधिक जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० असा आहे. खासगी गाडी रस्त्यात थांबवून काट्यावर नेत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण अपघातानंतर कागद उघडतात तेव्हा चित्र वेगळे असते. गाडीच्या मूळ नोंदीत बदल करण्याबद्दल कलम ५२ आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहे. पिशव्या काढता येण्याजोग्या असतात, तरी विमा कंपनीला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता दुसरी शक्यता, आणि २०१६ च्या गाडीत ती अगदी खरी असू शकते: स्प्रिंगच थकली आहे. गाडी रिकामी करा, सपाट जागेवर लावा आणि चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. तेच एखाद्या कमी चाललेल्या, त्याच मापाचे टायर असलेल्या स्कॉर्पिओवर मोजा. तुमची मागची बाजू रिकामी असतानाच दोन-तीन सेंटिमीटर खाली असेल तर स्प्रिंग बसली आहे. थकलेल्या स्प्रिंगमध्ये पिशवी भरून गाडी वर करणे म्हणजे दुखणे लपवणे झाले. मूळ मापाची नवी जोडी टाका, दोन्ही बाजूंची एकदम. शॉकअप गळत असतील तर तेही. माझ्या अनुभवात "मागून बसते" म्हणून आलेल्या आठ-दहा वर्षे जुन्या बऱ्याच गाड्यांचे समाधान एवढ्यावरच होते आणि पिशव्यांचा विषय निघत नाही. रबराचे किंवा पीयूचे ठोकळे कॉइलच्या वेढ्यांत बसवतात तो उपाय मात्र मला आवडत नाही. वेढे अडवले की उरलेल्या वेढ्यांवर जास्त ताण येतो.

वजन मर्यादेत आहे, स्प्रिंग-शॉकअप ठीक आहेत, आणि तरी वर्षातल्या चार फेऱ्यांना गाडी बसते, लाइट वर जातात, बंप स्टॉप लागतो. असे असेल तर पिशव्या जरूर घ्या. हेच त्यांचे खरे काम. रोज एकटे ऑफिसला जाणाऱ्याने त्यासाठी कडक स्प्रिंग टाकण्यात अर्थ नसतो, पिशवीची हवा कमी-जास्त करता येते हा तिचा फायदा.

बसवताना काय बघायचे ते सांगतो. बंप स्टॉप कॉइलच्या आत आहे की बाहेर, हे आधी पाहा. काही गाड्यांत किट बसवायला आतला बंप स्टॉप कापावा लागतो. मग पिशवी फुटली की मागे काहीच अडवायला उरत नाही. कापायला सांगणाऱ्या किटला माझा नकार असतो. दोन पिशव्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवा, प्रत्येकीला आपला व्हॉल्व्ह. एकच व्हॉल्व्ह आणि मध्ये टी लावला की वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे जाते आणि गाडी जास्त कलते. घाटात हे नको. नळी सायलेन्सरपासून लांब, हलणाऱ्या कुठल्याही भागाला घासणार नाही अशी बांधलेली हवी.

हवा किती? मी आकडा देणार नाही, पद्धत देतो. रिकाम्या गाडीत पिशवी कधीही पूर्ण मोकळी ठेवायची नाही, साधारण ५ पीएसआय तरी राहू द्या, नाहीतर ती वेढ्यांत चिमटून फाटते. अशा साध्या पिशव्यांची वरची मर्यादा बहुधा ३५ असते. तुमच्या पुस्तिकेत असेल ती पाळा. गाडी भरा, हबपासून मडगार्डपर्यंत मोजा, मग दोन-दोन पीएसआयने हवा वाढवत रिकाम्या उंचीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर खाली थांबा. पूर्ण समतल करू नका. थोडी बसलेली गाडी तुम्हाला वजनाची आठवण देत राहते आणि टपावर सामान असताना उंची जितकी कमी तितके बरे. हवा साध्या पंपाने, हळू भरा. पेट्रोल पंपावरच्या मशीनने मारू नका, पिशवीत हवा इतकी थोडी मावते की काटा क्षणात वर जातो.

घरी पोचल्यावर हवा उतरवायला विसरू नका. भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी चालवली तर मागची बाजू उड्या मारते आणि ओल्या वळणावर मागचे टायर रस्ता सोडतात.

टपाबद्दल एकच: मालकाच्या पुस्तिकेत टपाची मर्यादा दिलेली असेल तर तीत कॅरियरचे वजनही धरायचे असते. वर फक्त हलके, मोठे सामान ठेवा, कपड्यांच्या बॅगा वगैरे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तांदळाचे पोते वर चढवलेले दिसतेय, ते खाली आणा. आणि काट्यावर आकडे जास्त आले तर पेट्या टेम्पोने किंवा पार्सलने पाठवा. आंब्याच्या हंगामात देवगडहून पुण्याला माल रोज जातो, पेटीमागे जे काही भाडे पडेल ते एका टायरपेक्षा स्वस्त असेल.

पुढचे सांगायला मला एवढे लागेल: काट्यावरचे तीन आकडे, पट्टीचा फोटो, रिकाम्या गाडीची चारही चाकांची उंची, टायरवरचा पूर्ण मजकूर आणि एबीएस आहे की नाही. ते टाकलेत की स्प्रिंग बदलायच्या, पिशव्या घ्यायच्या की नुसते सामान कमी करायचे, हे नेमके सांगता येईल. तोपर्यंत किटचे पैसे देऊ नका. दुकानदार "ऑफर आजच संपते" म्हणेल, पण पुढच्या आठवड्यातही किट त्याच्याकडेच असेल.